चंद्रावर कापूस विकायला नेला तर?

नोव्हेंबर लागला की घाटंजी तालुक्यातल्या आमच्या घरात माणसांना जागा कमी आणि कापसाला जास्त. पुढची खोली छताला टेकते. मुले गंजीवर उड्या मारतात आणि रात्रभर अंग खाजवत बसतात. अशाच एका रात्री लाइट गेली आणि सातवीतल्या लेकीने विचारले, “अब्बा, एक किलो रुई जड की एक किलो लोखंड?”

“दोन्ही सारखे!” आम्ही रुबाबात सांगितले.

“आणि भोवतालची हवा काढून घेतली तर?”

रुबाब तिथेच संपला. विहिरीत बुडालेली बादली हलकी लागते, कारण पाणी तिला वर उचलते. हवाही तेच करते, फक्त फार थोडे. किलोभर रुईचे नुसते तंतू साधारण 650 मिलिलिटर जागा घेतात, लोखंड जेमतेम 130. म्हणून हवा रुईला जास्त उचलते. काट्यावर दोन्ही सारखी भरली असतील, तर हवा काढताच रुईचे पारडे खाली जाईल. फरक किलोला अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त, क्विंटलला साठेक ग्रॅम.

“म्हणजे हवा आपली साठ ग्रॅम रुई मारते!” दादी म्हणाल्या. “आता फिर्याद कुणाकडे करायची?”

“चंद्रावर विकू. तिथे हवाच नाही,” भाच्याने तोड काढली.

तिथे नवीच पंचाईत. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकी. बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा क्विंटलला साडेसोळा किलो दाखवील. दादींचा जुना दोन पारड्यांचा तराजू मात्र तिथेही शंभरच सांगेल, कारण वजनेही तितकीच हलकी होतात.

न्यायचा कसा? आपल्या शकुंतलेने! यवतमाळ-मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची गाडी कापसासाठीच टाकलेली. मँचेस्टरला 1921 साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावले. ताशी 20 किलोमीटर धरले, तर 3,84,400 किलोमीटरला सुमारे 800 दिवस. दोन रमजान तर वाटेतच जातील.

गंमत अशी की कापूस चंद्रावर खरोखर पोहोचला आहे. जानेवारी 2019 मध्ये चीनचे चांग-ई 4 यान चंद्राच्या मागच्या बाजूला उतरले. त्यातल्या बंद डब्यात सरकीला कोंब फुटला. मग तिथली चौदा दिवसांची रात्र आली, डबा गोठला आणि कोंब मेला. हे ऐकून खोलीत सगळे गप्प झाले. बियाणे उगवून मरणे म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला सांगावे लागत नाही.

“मग इथेच विकू,” भाचा म्हणाला. “थोडे पाणी शिंपडले की वजन वाढेल.”

दादी उठूनच बसल्या. मापात खोट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय इशारा आहे, हे त्यांनी त्याला अंधारातच ऐकवले. हिशेबानेही ते अंगाशी येते. आठ टक्के ओलाव्याचा क्विंटलभर कापूस बारा टक्क्यांवर गेला, तर साडेचार किलो पाणी वाढते. पण हमीभावाच्या खरेदीत आठच्या वर भाव कापतात आणि बाराच्या वर कापूस घेतच नाहीत.

तेव्हा लेक हळूच म्हणाली, “पण अब्बा, आपण पाणी न शिंपडताच तेरा कसे आले?”

त्याच आठवड्यात आमची गाडी केंद्रावरून परत आली होती. भाडे दोनदा गेले. पहाटेच, दव वाळायच्या आत, वेचून आम्ही कापूस तसाच गंजीत दाबला होता. “ओला आहे ना?” असे तिने त्याच दिवशी विचारले होते. आम्ही म्हणालो होतो, “मोठ्यांच्या मधे बोलू नकोस.”

दुसऱ्या दिवसापासून वेचणी ऊन चढल्यावर सुरू झाली. गंजी उकलून कापूस दोन दिवस उन्हात पसरला. पुढच्या खेपेला मीटरने नऊ दाखवले. भाव थोडा कापला गेला, पण कापूस विकला गेला.

आता लाइट गेली की लेक विचारते आणि आम्ही ऐकतो. परवाचा प्रश्न होता, शकुंतलेला चंद्रावर जायला कोळसा किती लागेल? हिशेब चालू आहे.