स्टीअरिंग वळवताना ‘चीं’ आवाज येतोय? ऑइल बदलण्याआधी हे तपासा

पार्किंगमधून गाडी काढताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं की बॉनेटखालून ‘चीं’ असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, पॉवर स्टीअरिंगचं ऑइल बदलू. मात्र सध्याच्या बहुतांश छोट्या गाड्यांत हे ऑइलच नसतं! तिथे इलेक्ट्रिक मोटर काम करते. त्यामुळे आपल्या गाडीची सिस्टीम हायड्रॉलिक आहे की इलेक्ट्रिक, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

हायड्रॉलिक सिस्टीमचा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनच्या बेल्टवर फिरतो. स्टीअरिंग टोकापर्यंत नेलं की पंपावर ताण येतो आणि सैल किंवा झिजलेला बेल्ट घसरून किंचाळतो. पावसाळ्यात सकाळी तर हमखास. आवाज घरघर असा असेल, तर ऑइलची पातळी पाहा. ती कमी असेल, तर कुठेतरी गळती आहे. नुसतं ऑइल भरून भागणार नाही.

आता इंजिन बंद ठेवून, चावी फक्त ‘ऑन’ करून स्टीअरिंग फिरवा. तरीही कुरकुर आली, तर बेल्ट निर्दोष. संशय स्ट्रट माउंटवर किंवा बॉल जॉइंटवर. बॉल जॉइंटच्या बाबतीत चालढकल नकोच. तो निखळला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होऊ शकतं.

गाडी वळताना ‘टक-टक’ येत असेल, तर सीव्ही जॉइंट तपासून घ्या. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं, तर त्याचा रबरी बूट फाटला आहे.

आणि फक्त मॉलच्या गुळगुळीत पार्किंगमध्येच आवाज येतो? तो टायरचा. गाडी ठीक आहे.