पनवेलहून घाट चढलेली फौज का हरली?

डिसेंबर १७७८. मुंबईकर इंग्रजांची सुमारे ४ हजारांची फौज पनवेलच्या तळावरून बोरघाटाच्या वाटेला लागली. सोबत पेशवेपदावर हक्क सांगणारे रघुनाथराव ऊर्फ राघोबा आणि ओझ्याचे १९ हजार बैल. राघोबांना पुण्यात सत्तेवर बसवायचं होतं. महिन्याभरातच वडगाव मावळात ईस्ट इंडिया कंपनीला नामुष्कीचा तह करावा लागला.

गैरसमज : बलाढ्य सत्तेचं परराष्ट्र धोरण तोफा आणि पैशावर तरतं.

वस्तुस्थिती : राघोबा दिसताच सरदार येऊन मिळतील, हे इंग्रजांनी गृहीत धरलं होतं. पण पुतणे पेशवे नारायणराव यांच्या खुनात न्यायाधीश रामशास्त्र्यांनी राघोबांना दोषी ठरवलं होतं आणि राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, नारायणरावांच्या तान्ह्या मुलाला, सवाई माधवरावांना, पेशवेपदाची वस्त्रं मिळवून दिली होती. पुतण्याच्या रक्ताचा डाग लागलेल्या चुलत्यामागे कोण जाणार? स्वागत तर दूरच, फौज तळेगावला पोचली तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून टाकलेलं होतं.

गैरसमज : दरबारात वकील ठेवला की तो देश कळतो.

वस्तुस्थिती : मोहिमेच्या समितीतला मॉस्टिन पुण्यात कंपनीचा वकील होता. दरबारातली माणसं त्याला ठाऊक होती. त्या माणसांना काय अक्षम्य वाटतं, हे मोहिमेच्या हिशेबात आलंच नाही.

गैरसमज : नेतृत्वाची पद्धत ही दुय्यम बाब.

वस्तुस्थिती : फौजेचे निर्णय तिघांच्या समितीकडे. त्यातला मॉस्टिन आजारी पडून वारला, सेनापती एगर्टनही आजारी. खंडाळा ते कार्ला हे ८ मैल कापायला ११ दिवस लागले. समोर नाना फडणीस, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर मात्र आपसातले हेवेदावे बाजूला ठेवून उभे होते.

गैरसमज : दुसऱ्याची संस्कृती जाणणं म्हणजे त्याच्याविषयी आपुलकी असणं.

वस्तुस्थिती : १८११ पासून पुण्यात वकील असलेल्या एल्फिन्स्टननं मराठी मनातलं छत्रपतींच्या गादीचं स्थान ओळखलं. फेब्रुवारी १८१८ मध्ये त्यानं जाहीरनामा काढून पेशवाई संपल्याचं सांगितलं, पण साताऱ्याच्या महाराजांसाठी राज्य राखण्याचं आणि वतनं-इनामं सांभाळण्याचं वचनही दिलं. लोकांचा विरोध ओसरला. पुढे १८४८ मध्ये कंपनीनं तेच सातारा खालसा केलं.

२००३ मध्ये इराकी जनता आपलं स्वागत करील असं अमेरिकी नेते सांगत होते, त्यामागेही परागंदा इराकी नेत्यांवरचा भरवसा होता. म्हणून एखादी महासत्ता ‘तिथले लोक आमची वाटच पाहताहेत’ म्हणते, तेव्हा आपण आधी विचारावं : हे तुम्हाला सांगितलं कोणी? राघोबांनीच ना?