मेणाचा एक हात

नवी गाडी ताब्यात घेताना शोरूममधल्या टेबलावर मॅट, मडफ्लॅप आणि वाढीव वॉरंटीच्या जोडीला रंग जपण्याचा एखादा प्रकार सरकवला जातोच. पूर्वी ते 'टेफ्लॉन कोटिंग' असायचं. आता सिरॅमिक, ग्राफीन, पीपीएफ अशी चढती भाजणी लागली आहे आणि खर्च काही हजारांपासून थेट लाखाच्या घरात जातो. या थाटापुढे अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातली चारशे-पाचशे रुपयांची स्प्रे वॅक्सची बाटली अगदीच केविलवाणी दिसते. फवारायचं, पुसायचं, झालं. तिचा आता काही उपयोग उरलाय का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'हो' असं आहे. फक्त बाटलीवर छापलेल्या कारणांसाठी नाही.

आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर चार थर असतात. अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर सगळ्यात खाली. त्यावर प्रायमर, मग खरा रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. चारही मिळून १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा किंचित जास्त. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०-५० मायक्रॉनांचा. आपण गाडीची चमक म्हणतो ती या पारदर्शक थराची. अतिनील किरणं शोषून घेणारी रसायनं कारखान्यातच त्यात मिसळलेली असतात आणि उन्हाशी खरी झुंज तीच देतात. वरून फवारलेलं मेण एका मायक्रॉनहूनही पातळ बसतं. एवढ्याशा पापुद्र्याने नागपूर-चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन अडवावं, ही अपेक्षाच चुकीची. 'यूव्ही प्रोटेक्शन' ही अक्षरं कितीही ठळक छापलेली असोत.

मग मेण लावायची रीत आली कुठून? जनरल मोटर्स आणि ड्यूपाँट यांनी १९२३ साली 'ड्यूको' नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर आणला. त्याआधी रंग वाळायलाच कित्येक दिवस, कधी आठवडे जात. ड्यूको काही तासांत वाळू लागला. पण त्याची चमक पॉलिश करूनच आणावी लागे आणि उघड्यावर राहिला की तो निस्तेज होई. रंगावर दुसरं कुठलंच कवच नव्हतं. आपल्याकडच्या अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या मालकांना ही गत चांगली ठाऊक असेल: लाल गाडीला पॉलिश मारलं की फडकं लाल व्हायचं. हवा आणि ऊन खाऊन वरचा रंग भुगा झालेला असायचा, तोच फडक्यावर यायचा. अशा रंगाला मेणाची खरोखर गरज होती. पुढे क्लिअर कोट आला, १९८०च्या दशकात जगभर पसरला, आणि मेणाचं मूळ कामच त्याने काढून घेतलं. सवय तेवढी मागे राहिली.

सवयीसोबत एक नावही राहिलं, कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधल्या सेआरा, पिआउई या कोरड्या राज्यांत वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर हे मेण साचतं. पाण्याची वाफ उडून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती तजवीज. पानं तोडून वाळवतात आणि झोडपून त्यावरची पूड काढतात. हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. वनस्पतींच्या मेणांत इतकं कडक मेण क्वचितच सापडतं. जॉन्सन वॅक्स कंपनीचे एच. एफ. जॉन्सन तर १९३५ साली सिकोर्स्कीचं जमिनीवर आणि पाण्यावर उतरणारं विमान घेऊन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनहून ब्राझीलला हा ताड बघायला गेले होते, आणि त्या विमानाचं नावही 'कार्नोबा'च ठेवलं होतं. त्यांचा मुलगा सॅम याने १९९८मध्ये तसंच विमान नव्याने बांधून घेऊन तो प्रवास पुन्हा केला. ताडाच्या पानापायी एवढी हौस दोन पिढ्यांनी केली, म्हणजे त्यात पैसा किती असेल याचा अंदाज यावा.

आजच्या फवाऱ्याच्या बाटलीत मात्र कार्नोबा असला तरी चवीपुरता. मुख्य माल पाणी. त्यात मेणाचे किंवा कृत्रिम पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण, सिलिकॉन तेल, थोडं द्रावक, आणि तेल-पाणी वेगळं होऊ नये म्हणून इमल्सिफायर. घट्ट मेण डबीतून काढून, लावून, वाळवून, मग हाताने घासून काढण्यात सुट्टीची सकाळ जायची. फवारा १५-२० मिनिटांत आटोपतो, आणि म्हणून लोक तो खरोखर वापरतात. टिकतो मात्र कमी: साधा स्प्रे वॅक्स दोन-तीन आठवडे, बरा असेल तर सहा. बाटलीवर सिलिका किंवा 'सिरॅमिक' लिहिलेले फवारे त्याहून चिवट असतात आणि नीट धुतलेल्या पृष्ठभागावर दोन-तीन महिने काढतात. कडक डिटर्जंटने किंवा वॉशिंग सेंटरच्या तीव्र अल्कली फोमने गाडी धुतली की साधं मेण एक-दोन धुण्यांतच जातं.

मेणाचा खरा कस पाण्याने लागतो, असा समज आहे. बॉनेटवर टपोरे थेंब उभे राहिले की मालक खूश. अळवाच्या पानावर थेंब जसा घरंगळतो तसंच हे, असं विक्रेतेही सांगतात, आणि तिथेच ते गफलत करतात. अळवाच्या पानावर नुसतं मेण नसतं. डोळ्याला न दिसणारे उंचवटेही असतात आणि थेंब त्यांच्या टोकांवर जेमतेम टेकलेला असतो. म्हणून तो धूळ घेऊन पळतो. गाडीचा रंग गुळगुळीत. तिथे मेणामुळे थेंब फुगतो, पण तळाशी बऱ्यापैकी चिकटून बसतो. 'गाडी आपोआप स्वच्छ राहील' हा दावा म्हणून सोडून द्यावा. उलट बोअरिंगच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली, तर प्रत्येक टपोऱ्या थेंबामागे कॅल्शियमचं एक पांढरं वर्तुळ उरतं. मेण लावलेली गाडी पुसायचा आळस करणाऱ्याला जास्त डाग मिळतात, हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं.

मग उपयोग काय? निसरडेपणा. मेण लावलेल्या पत्र्यावरून हाताची पालथी बाजू फिरवून पाहा आणि मग न लावलेल्या दारावरून. फरक लगेच कळतो. या निसरडेपणाचं मोल कळायला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाला उभं राहावं. गाडी पुसायला येणाऱ्या माणसाकडे एक बादली, एक फडकं आणि ओळीने लावलेल्या गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी मातकट होतं. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचा चुरा असतो आणि तो काचेलाही ओरखडतो. क्लिअर कोट तर शेवटी प्लास्टिकच्या जातीचा. ते फडकं रोज त्याच वळणाने फिरतं, आणि वर्षभराने काळ्या गाडीवर उन्हात गोल गोल बारीक रेघांचं जाळं दिसू लागतं. त्या माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही. महिन्याला गाडीमागे काही शे रुपयांत आठच्या आत सगळ्या गाड्या पुसून मागणारे आपणच. पुढे ते जाळं घालवायला गाडी 'रबिंग-पॉलिश'ला जाते, आणि रबिंग म्हणजे क्लिअर कोटच थोडा खरवडून काढणं. पन्नासातले दोन-चार मायक्रॉन दर वेळी कमी होतात. तिथेच रंगाचं आयुष्य संपत जातं, उन्हात नंतर.

निसरड्या पृष्ठभागावरची धूळ पाण्याच्या नुसत्या धारेने बरीच निघते आणि उरलेली कमी घासण्यात. ओरखडा कमी पडतो तो कमी घासल्यामुळे. मेण मध्ये आडवं येतं म्हणून नव्हे. सिरॅमिकच्या जाहिरातीतला '९एच' कडकपणाही पेन्सिलीच्या टोकाने मोजलेला असतो, त्यापुढे गारगोटी भारीच पडते. त्यामुळे महाग थर असो वा स्वस्त, कोरडं फडकं बंद करणं ही पहिली पायरी, आणि ती फुकट आहे.

पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच. तिच्यातलं आम्ल एकटं फारसं बिघडवत नाही. काम बिघडतं ते उन्हामुळे: गडद रंगाचा पत्रा दुपारी ७० अंशांच्या आसपास तापतो, क्लिअर कोट किंचित मऊ होतो, आणि विष्ठा वाळून आकसताना त्याला आपल्यासोबत ओढते. संध्याकाळी पत्रा थंडावला की तो ठसा कायमचा. मेण इथे फार तर काही तासांची सवलत देतं. सकाळी पडलेली घाण दुपारच्या आत ओल्या टिश्यूने पाच मिनिटं भिजवून, न घासता उचलली, तर ती सवलत पुरते. झाडाखाली उभ्या गाडीवरचा चिकटाही असाच. तो पुष्कळदा झाडाचा डिंक नसून मावा किंवा पिठ्या ढेकणांनी टाकलेला साखरेचा रस असतो. ताजा असेल तर पाण्याने जातो, आणि खाली मेण असेल तर लवकर जातो.

गंजाशी मात्र मेणाचा संबंध जवळजवळ नाही. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत पत्रा सडतो तो दाराच्या खालच्या कडेला, पाणी निघायची भोकं चिखलाने बुजल्यावर, आणि खडी लागून रंग उडालेल्या जागी. छतावर कितीही चमक आणली तरी तिकडे काही पोचत नाही.

लावायचं कसं, ते थोडक्यात. गाडी धुतलेली, सावलीतली आणि हाताला गार लागणारी हवी. दोन मऊ मायक्रोफायबर कापडं घ्यावीत, एक पसरायला आणि एक शेवटचा हात फिरवायला. एका दाराला एक-दोन फवारे पुरतात; जास्त मारलं की तेलकट पट्टे उरतात आणि धूळ तिथेच बसते. पुढची काच टाळावी, नाही तर पहिल्या पावसात वायपर कुरकुरत उड्या मारू लागतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं एका वेळी २५ मिली लागलं तरी वीस वेळा पुरेल. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळा सरल्यावर एकदा आणि मधे महिन्याकाठी एकदा असं धरलं तरी वर्ष सहज निघतं.

टेफ्लॉनबद्दल एवढंच सांगतो. हे प्लास्टिक ३२७ अंशांना वितळतं आणि तव्यावर त्याला पक्कं बसवायला त्याहून जास्त तापवावं लागतं. सर्व्हिस सेंटरच्या शेडमध्ये हाताने चोळून ते पत्र्यावर बसत नाही. दिसते ती सोबतच्या पॉलिशची चमक. व्यावसायिक सिरॅमिक थर ही वेगळी गोष्ट आहे. तो रंगाला खरोखर धरून बसतो आणि एक-दोन वर्षं टिकतो, पण नियमित नीट धुणाऱ्यालाच त्याचा पैसा वसूल होतो. आणि नीट धुणाऱ्याचं काम स्वस्त फवाऱ्यावरही बरंचसं भागतं.

अपघातानंतर गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या दाराला दोन-तीन महिने मेण लावू नये. कारखान्यातला रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो. गॅरेजमधला फार तर ६० अंशांवर वाळवतात आणि त्यातलं द्रावक पुढेही आठवडे उडत राहतं. उलट रंगवायला देताना गाडीला सिलिकॉनचा फवारा मारलेला असेल तर पेंटरला आधी सांगावं. नीट साफ केलं नाही तर नव्या रंगात बारीक खड्डे पडतात, त्यांना ते लोक 'फिश-आय' म्हणतात.

दसऱ्याला आणि पाडव्याला गाडीची पूजा करणारी घरं पुष्कळ. आदल्या संध्याकाळी मेणाचा एक हात दिला तर बॉनेटवरचं ओलं कुंकू आणि हळद दुसऱ्या दिवशी पाण्याने सुटते. कोरड्या फडक्याने मात्र ती खरवडू नये. तसं केलेल्या गाड्यांवर स्वस्तिकाच्या आकाराचे ओरखडे पुढच्या दसऱ्यापर्यंत दिसतात. फटाक्यांची राख आधी पाण्याने वाहू द्यावी, मग कापड लावावं. स्कूटर किंवा बाइक असेल तर फवारा गाडीवर न मारता कापडावर मारावा, कारण तो सीटवर उडाला तर बसणारा घसरतो आणि ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर गाडी थांबत नाही.