कळशी उचलते कोण, हात की पाठ?

लातूर जिल्ह्यातले रेणापूर हे रेणा नदीकाठचे गाव. या भागाला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते! अशा मुलखात हातपंपावरून कळशी भरून आणणे हे शाळकरी मुलामुलींच्याही वाट्याला येते. आता सांगा पाहू, कळशी उचलते कोण? तुम्ही म्हणाल, ‘हात!’ पण थोडे थांबा. वाकून कळशी उचलताना कमरेवर एक हात ठेवून पाहा. हाताखाली काहीतरी दगडासारखे घट्ट होते. तेच आपले आजचे पाहुणे, म्हणजे धडाचे स्नायू.

छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, खाली कमरेचे रुंद हाड आहे. या दोहोंच्या मध्ये मात्र हाड एकच, ते म्हणजे पाठीचा कणा. मग एवढा भार तोलतो कोण? अर्थातच भोवतालचे स्नायू. पाठीच्या मधल्या पन्हाळीच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे दोन लांब दोर हाताला लागतात. ते आपल्याला ताठ उभे करतात आणि वाकताना तोल सांभाळत हळूहळू सैल सोडतात. पुढे बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत सरळ उदरस्नायू उतरतो. तो आखडला की धड पुढे वाकते. कुशीला तीन थर एकावर एक असतात. बाहेरच्या थराचे तंतू खिशात हात घालावे तसे तिरपे, खाली व पुढे जातात. मधल्या थराचे तंतू त्यांच्या उलट दिशेने जातात आणि सर्वांत आतल्या थराचे आडवे, कमरपट्ट्यासारखे असतात.

गंमत पाहा. उजवा खांदा डाव्या गुडघ्याकडे वळवायचा असेल, तर उजवीकडचा बाहेरचा तिरपा स्नायू आणि डावीकडचा आतला तिरपा स्नायू मिळून काम करतात. पोहऱ्याचा दोर ओढताना, कुस्तीत डाव टाकताना हीच जोडी राबते. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. अशा मल्लाची ताकद आपण दंडात पाहतो, पण तिची निम्मी गोष्ट कमरेत असते.

आता थोडे गणित करू. भरलेली कळशी १२ किलोची आहे आणि ती कण्यापासून ४० सेंटिमीटर दूर धरली आहे. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. तरफेच्या नियमाने १२ × ४० = ४८०. त्याला ५ ने भागा. उत्तर आले ९६ किलो! म्हणजे १२ किलोच्या कळशीसाठी पाठीला ९६ किलोइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन तर यात धरलेलेच नाही. तीच कळशी अंगाजवळ, २० सेंटिमीटरवर धरा. उत्तर निम्मे, ४८ किलो. वडीलधारी माणसे ‘गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून उचल’ असे सांगतात, त्यामागे हे शास्त्र आहे.

ही ताकद मोजतात कशी? यामागे एक दुःखद इतिहास आहे. पोलिओने मुलांचे स्नायू लुळे पडत. कोणता स्नायू किती वाचला हे कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नसत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट लोव्हेट यांच्याकडे हातांनीच स्नायू तपासण्याची पद्धत तयार झाली. पुढे ० ते ५ गुण देण्याची रीत रूढ झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी कण्याच्या दुखापतीत आणि कंबरदुखीत ही परीक्षा आजही उपयोगी पडते.

पोटाच्या स्नायूंची परीक्षा तुम्हीही करू शकता. मात्र पाठ किंवा मान दुखत असेल तर करू नका. सतरंजीवर उताणे झोपा. पाय सरळ ठेवा. आता हळूहळू डोके आणि खांदे उचला. खांद्याची पाती जमिनीपासून पूर्ण सुटली पाहिजेत. हात शरीरावरून समोर पसरून हे जमले तर ३ गुण, छातीवर घडी घालून जमले तर ४, डोक्यामागे ठेवून जमले तर ५. मानेला मात्र हिसका देऊ नका. पाती सुटत नाहीत, नुसते डोके उचलते, तर २. काहीच हालचाल होत नाही, पण खोकताना स्नायू बोटांना घट्ट लागतो, तर १. तेही नसेल तर ०.

हात मागे नेले की परीक्षा अवघड का होते? वजन तेच, पण ते टेकूपासून दूर गेले. कळशीचा नियमच इथे पुन्हा भेटला, नाही का?

पाठीची परीक्षा वेगळी असते. डेन्मार्कचे डॉ. बिअरिंग-सोरेन्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसाला पालथे झोपवून, पाय बांधून, कमरेवरचे धड टेबलाबाहेर आडवे तोलायला सांगितले. जास्तीत जास्त २४० सेकंद! जे पुरुष अधिक वेळ टिकले, त्यांना पुढच्या वर्षात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचे प्रमाण कमी दिसले. ही परीक्षा मात्र जाणकारासमोरच करायची, बरे का!

कंबरदुखी ही केवळ म्हातारपणाची गोष्ट नव्हे. दप्तर शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावे, असे २०२० चे राष्ट्रीय धोरण सांगते. तेव्हा आज घरी दोन गोष्टी करा. आपले दप्तर तोलून पाहा आणि आई पाण्याची घागर कशी उचलते तेही पाहा. ती दूरवरून वाकून उचलत असेल, तर तिला ९६ आणि ४८ चा हिशेब समजावून सांगा. आणि हिशेब सांगून झाला, की त्या घागरीला आपलाही हात लावा.