जाड पत्र्याचा भ्रम

लातूरला माझ्या एका वर्गमित्राच्या घरामागे कित्येक वर्षं एक पांढरी कॉन्टेसा ताडपत्रीखाली उभी होती. त्याच्या मुलानं ती नुकतीच बाहेर काढली. नांदेडच्या गॅरेजमधून डेंटिंग-पेंटिंग करून आणलं, रुंद टायर बसवले. आता मूळच्या जागी दुप्पट ताकदीचं इंजिन टाकायचा त्याचा बेत आहे. मला गाडी दाखवताना त्यानं बोनेटवर मूठ आपटली. "काका, पत्रा बघा! आजच्या गाड्या अंगठ्यानं दाबल्या तरी चेपतात. यात बसलेल्याला काही होत नाही."

सरकारी रुग्णालयात अनेक वर्षं अपघाताचे रुग्ण पाहिल्यामुळे मला याच वाक्याची भीती वाटते.

कॉन्टेसा १९८४ ते २००२ या काळात तयार झाली. लांब बोनेट, रुंद बांधा, म्हणून तिला भारताची 'मसल कार' म्हणतात. दिसायला दणकट असली, तरी सुरुवातीला तिच्यात अ‍ॅम्बेसिडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं. आज चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस दीड लिटरच्याच इंजिनातून १५० अश्वशक्ती काढते. त्यामुळे हौशी तरुणांना जुन्या गाडीत नवी ताकद भरावीशी वाटते. हौस मला समजते. पण ताकद आणि वेग वाढवता येतो. धडकेच्या क्षणी शरीराला थांबायला मिळणारा वेळ वाढवता येत नाही. या दोन गाड्यांमधला खरा फरक तिथे आहे.

एका अपघातात तीन धडका

पहिली धडक गाडीची झाडाला किंवा ट्रकला. दुसरी तुमच्या शरीराची स्टेअरिंगला, डॅशबोर्डला किंवा काचेला. तिसरी शरीराच्या आत: मेंदू कवटीवर आपटतो, यकृत आणि प्लीहा फाटतात, हृदयातून निघणारी महाधमनी ताणली जाते. तिसरी धडक बाहेरून दिसत नाही. रुग्ण बोलत असतो, "छातीत थोडं दुखतंय" म्हणतो, अंगावर खरचटल्याशिवाय काही नसतं, आणि तासाभरात रक्तदाब उतरू लागतो.

आता थोडा हिशेब. ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी भिंतीवर आदळली. पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला, तर आतल्या पट्टा लावलेल्या माणसाला थांबायला सेकंदाचा सुमारे चौदावा भाग मिळतो आणि त्याच्यावर सरासरी वजनाच्या २४ पट बल येतं. तोच भाग २० सेंटिमीटरच चेपला, तर हे बल ७० पटीच्या वर जातं. म्हणजे 'न चेपणारा' पत्रा धक्का पोटात घेत नाही, तो तुमच्याकडे पाठवतो. आधुनिक गाडी मुद्दाम पुढून चेपते, पण माणसं बसतात तो पिंजरा मात्र जास्त ताकदीच्या पोलादाचा असतो. आणि वेग ६० वरून १०० झाला, की धडकेची ऊर्जा पावणेतीन पट होते. नवं इंजिन नेमकी हीच ऊर्जा वाढवतं.

याची परीक्षा झालेली आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेनं १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू ताशी ६४ किलोमीटर वेगानं समोरासमोर आदळवल्या. जुन्या, भारदस्त गाडीचा आतला कप्पाच कोसळला. तिच्यात खरा चालक असता तर जागीच गेला असता. नव्या गाडीतल्या चालकाच्या पायाला किरकोळ इजा झाली असती.

नव्या गाडीचाही भ्रम असतो

म्हणून नवी गाडी म्हणजे अमरपट्टा नव्हे. व्हर्टसला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले, पण ते ठरावीक वेगाच्या चाचणीतले. नांदेड-लोहा-अहमदपूर-लातूर रस्त्यावर रात्री १४० नं जाणाऱ्याला ते लागू नाहीत. तिथे दिवे नसलेली ट्रॉलीही असते आणि म्हैसही. एअरबॅग ही सीटबेल्टची जोडीदार आहे, बदली नाही. पट्ट्याच्या जागी नुसती क्लिप अडकवून भोंगा बंद करणारा माणूस फुगणाऱ्या एअरबॅगवर स्वतःच जाऊन आदळतो.

मागच्या सीटचं तर आपण विसरूनच जातो. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, तेव्हा ते गाडीत मागे बसले होते. शहरातला रस्ता, सकाळची वेळ. मृत्यूचं कारण शरीरातल्या आतल्या इजा. त्या दिवशी सारा मराठवाडा रडला. मागे बसून पट्टा लावायची सवय मात्र अजूनही आपल्याला लागलेली नाही.

जुनी गाडी जपायची असेल तर

• आधी ब्रेक, टायर, स्टेअरिंग आणि सस्पेन्शन नीट करा. इंजिनाचा विचार शेवटी. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. विनापरवाना बदलाचा विम्याच्या दाव्यालाही फटका बसू शकतो.
• पुढे-मागे पक्क्या सांगाड्यात बसवलेले तीन बिंदूंचे पट्टे घ्या. एअरबॅग मात्र बाहेरून बसवून चालत नाही. ती आणि तिचे सेन्सर त्या गाडीसाठीच जुळवलेले असतात.
• शर्यतीच्या गाडीसारखा लोखंडी पिंजरा रोजच्या गाडीत नको. हेल्मेट नसलेलं डोकं त्याच नळीवर आपटतं.
• नव्या गाडीला पुढे लोखंडी गार्ड लावू नका. त्यानं चेपण्याची रचना बिघडते आणि एअरबॅगच्या सेन्सरला अडथळा येतो.
• अपघातानंतर छातीत किंवा पोटात दुखत असेल, तर "काही लागलं नाही" म्हणून घरी जाऊ नका. तपासून घ्या.

मित्राच्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "बोनेटवर मूठ मारलीस तशी हळूच स्वतःच्या छातीवर मारून बघ. धडकेत दोघांपैकी मऊ कोण, तेवढं लक्षात ठेव." तो काही बोलला नाही. परवा त्याचा फोन आला. नवं इंजिन तूर्त थांबवलंय. आधी मागच्या सीटला पट्टे बसवतोय, आजीला तुळजापूरला न्यायचंय म्हणे. मी म्हटलं, सावकाश जा. कॉन्टेसा सावकाशच शोभते.