पाण्याचा हिशेब, घामाचा हिशेब

‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ हा रॉबर्ट ऑल्ड्रिच यांचा इंग्रजी चित्रपट १९६५ सालचा. वादळात सापडलेलं मालवाहू विमान सहाराच्या वाळवंटात उतरतं, मोडतं, आणि वाचलेली माणसं त्याच्याच शाबूत भागांतून दुसरं लहान विमान जुळवू लागतात. जेम्स स्टुअर्ट वैमानिक झाला आहे, तर त्याचा सोबती रिचर्ड अटेनबरो, पुढं ‘गांधी’ काढणारा तोच. लोक बोलतात ते विमानाबद्दल. मला मात्र त्यातला पाण्याचा हिशेब मोलाचा वाटतो.

खायला खजूर भरपूर आहे, पाणी मोजकं. म्हणून दिवसा सावलीत पडून राहायचं आणि काम रात्री करायचं. यात शास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धात एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले, त्याचं पुस्तक १९४७ साली आलं. त्यांना दिसलं, की पाणी राखून ठेवल्यानं घाम थांबत नाही. उन्हात राबणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. पाणी बाटलीत जपून उपयोग नाही, ते पोटात हवं. वाचवायचा असतो तो घाम.

डहाणू-तलासरीत वाळवंट नाही, पावसाळ्यात तर धो धो कोसळतो. पण पूर्वेकडच्या डोंगराळ भागात उतार आणि कातळ, त्यामुळं पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन उजाडायच्या आत निघतात. अ‍ॅडॉल्फ त्यांनी कुठं वाचलाय! पण ऊन चढल्यावर डोक्यावरचं पाणी आणायला अंगातलं पाणी खर्च होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

चित्रपटात एक अवघड प्रसंग आहे. कोणीतरी वाटणीबाहेरचं पाणी पितं. विमानाचा आराखडा करणारा जर्मन सरळ कबूल करतो, की मीच प्यायलो, कारण सर्वांत जास्त मी राबतो. शास्त्रानं त्याचं बरोबरच आहे. तरी इतरांना ती चोरी वाटते, कारण त्यानं कोणाला विचारलं नव्हतं.

हंडा आणणारीचं नेमकं उलट होतं. घरी पोचल्यावर आधी पोरं, मग म्हातारी माणसं, मग चूल. म्हणून पाणी पिण्याजोगं असेल, तर हंडा डोक्यावर घेण्याआधी तिनं तांब्याभर तिथंच पिऊन घ्यावं.