युक्तिकृत बल : आहार व व्यायाम यांचा संयोग

‘अशक्तपणा वाटतो, ताकदीचे औषध द्या’ ही मागणी चिकित्सालयात आणि औषधी दुकानात सारखीच ऐकू येते. आपण अश्वगंधा चूर्ण किंवा च्यवनप्राश देतो. परंतु चरकाचार्यांनी बलाचे सहज, कालज व युक्तिकृत असे तीन प्रकार सांगताना युक्तिकृत बलाचा संबंध आहार आणि चेष्टा यांच्याशी जोडला आहे. काही टीकाकार तेथे रसायनप्रयोगही गृहीत धरतात. तथापि आहार व चेष्टा यांचा निर्देश प्रथम आहे, हे विसरता येत नाही.

राजूर परिसरात कष्टाची उणीव नाही. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजुरेश्वराच्या दर्शनास पायी येणारे अनेक आहेत. मात्र त्याच वयस्क मंडळींपैकी कित्येकांना जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो. चालण्याने दम वाढतो. मांडीच्या मांसधातूला वाढण्यासाठी भार लागतो. वार्धक्यात मांसक्षयामुळे पडणे, अस्थिभग्न व परावलंबन ही मालिका सुरू होते, म्हणून हा विषय केवळ आखाड्यातील तरुणांचा नाही. १९९० साली बोस्टन येथील एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे भारव्यायाम केला असता त्यांच्या पायांचे बल लक्षणीय वाढले.

व्यायामाची मात्रा

खुर्चीवरून हात न टेकता ८ ते १० वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे आणि पाण्याने अर्धी भरलेली कळशी सावकाश उचलून ठेवणे, यांच्या दोन-तीन फेऱ्या एक दिवसाआड पुरेशा आहेत. तरुणांनी जोर-बैठका काढाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात स्नायुबलाचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितला आहे. अर्धशक्तीचा नियम येथे बाधक ठरत नाही. बल वाढले की त्याचे अर्धही वाढते. म्हणून भार क्रमाने वाढवावा. कपाळ व काखेत घाम आणि मुखशोष ही थांबण्याची खूण होय. हृद्रोगी व अनियंत्रित रक्तदाबाच्या रुग्णांनी तपासणीनंतरच आरंभ करावा.

ताटाचा हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास प्रतिकिलो वजनास ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४२ ग्रॅम. दिवसभरात तीन भाकरी (१८० ग्रॅम ज्वारी) आणि पातळ वरण (२० ग्रॅम डाळ) यांतून जेमतेम २२ ग्रॅम मिळतात. आपल्याकडे तूर व हरभरा पिकतो, पण बहुतेक बाजारात जातो. डाळ ५० ग्रॅम करून मूठभर शेंगदाणे व पेलाभर दूध जोडल्यास ही उणीव भरून निघते. अंडी चालत असल्यास प्रत्येकी सुमारे ६ ग्रॅमची भर पडते. एकूण अन्नच अपुरे असेल, तर शरीर प्रथिनांचाही इंधनासारखा व्यय करते. म्हणून पोटभर जेवण प्रथम. मंदाग्नी असल्यास आधी दीपन-पाचन करावे. वृक्करोगात मात्र प्रथिने परस्पर वाढवू नयेत.

औषधी दुकानदारांनी प्रथिनांच्या पावडरीचा डबा देण्यापूर्वी त्यावरील अन्नसुरक्षा परवाना क्रमांक पाहावा आणि ग्राहकास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : घरी डाळ किती शिजते? जमिनीवरून हात न टेकता उठता येते का? या उत्तरांनंतर दिलेले बल्य औषध अधिक सार्थकी लागेल.